सांगलीत स्त्री-इतिहासाचं दालन सुरू करतोय : पहिल्या प्रदर्शनात काय मांडावं, कार्यक्रम कसे करावेत?

कृष्णाकाठची

नमस्कार. सांगलीतल्या एका जुन्या वाचनालयानं वरच्या मजल्यावरची मोठी खोली स्त्रियांच्या इतिहासासाठी मोकळी करून दिली आहे. पुस्तकं, मासिकांचे जुने अंक, पत्रं, फोटो, ध्वनिमुद्रणं एका जागी आणायची, बसून वाचायची सोय करायची आणि वर्षभर सगळ्यांना खुली अशी प्रदर्शनं नि कार्यक्रम घ्यायचे, असा बेत आहे. हे काम करणाऱ्या गटात मी आहे. पहिलं प्रदर्शन कशाचं असावं यावर इथल्या जाणत्यांशी बोलावं म्हणून हा धागा.

बैठकीत पहिली सूचना आली ती नेहमीची. थोर स्त्रियांच्या तसबिरी, खाली जन्म-मृत्यूची सालं, कार्याच्या दोन ओळी. तसबिरींना माझा विरोध नाही. पण ३ जानेवारीला आणि ८ मार्चला शाळाशाळांच्या व्हरांड्यात हेच लागतं. बघायला आलेली बाई हात जोडते आणि पुढं जाते. आपल्या आजीचंही काहीतरी इथं असायला हवं, हे तिच्या मनात येत नाही. माझं म्हणणं असं, की आपल्याकडचं प्रत्येक प्रदर्शन बघणाऱ्या बाईनं जाताना काहीतरी देऊन जावं असं असलं पाहिजे. आठवण, फोटो, पत्र, ओवी, काही नाही तर घरातल्या एका बाईचं पूर्ण नाव. दाखवणं आणि गोळा करणं एकाच टेबलावर व्हावं.

माझ्या मनात पहिलं प्रदर्शन आहे ते 'स्त्री' मासिकाचं. ऑगस्ट १९३० मध्ये हे मासिक निघालं ते मुंबईहून नाही, पुण्याहूनही नाही, आपल्या किर्लोस्करवाडीहून. १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर वसवलेली कारखान्याची वसाहत, लोखंडी नांगर तिथं तयार व्हायचे, आणि तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी आधी 'किर्लोस्कर', मग 'स्त्री', पुढं १९३४ ला 'मनोहर' चालवलं. रेल्वेच्या एका लहान स्टेशनावरून अंकांचे गठ्ठे महाराष्ट्रभर जात होते आणि घराघरांत बायका ते वाचत होत्या. मासिक नंतर पुण्याला गेलं. १९८० च्या दशकात विद्या बाळ त्याच्या संपादक होत्या आणि त्यातून बाहेर पडल्यावर १९८९ ला त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. म्हणजे मराठी बायकांच्या चळवळीतला एक मोठा धागा आपल्या जिल्ह्यातून निघालेला आहे. आज किर्लोस्करवाडी म्हटलं की पंप आणि कारखाना आठवतो, 'स्त्री' फार थोड्यांना आठवतं.

अंक काचेखाली मांडायचे, जाहिराती आणि वाचकांची पत्रं मोठी करून भिंतीवर लावायची, आणि शेजारी एक टेबल. तिथं जुन्या वाचक बायका येऊन बसतील आणि सांगतील : अंक घरात कोण आणायचं, आधी कुणाच्या हातात पडायचा, कुठलं पान कापून जपलं, कुठला लेख लपून वाचला. हे सगळं रेकॉर्ड करायचं.

तुम्हाला काय वाटतं? आणि 'स्त्री'च्या पुढं काय?

माणदेशी

कृष्णाकाठची ताई, कल्पना आवडली, पण एक सांगतो. मासिक घरात येणारं घर कुठलं होतं? माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्या पिढीच्या आमच्या माण-खटाव-आटपाडीकडच्या बायकांचा इतिहास मासिकात सापडणार नाही. तो सापडेल हजेरीपटावर.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलावाच्या बांधावर माती टाकायला आमच्याकडच्या बायका हजारोंनी गेल्या. रोजगार हमी हे राज्याला देशात नाव मिळवून देणारं काम, आणि त्याचा विचार मांडणारे वि. स. पागे तुमच्याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६५ मध्ये पहिला प्रयोगही तासगाव तालुक्यातच झाला. पुढं १९७७ ला कायदा झाला. पागेसाहेबांचं नाव निघतं, निघायलाच पाहिजे. पण कामावरच्या बायकांचा काय पुरावा आहे? हजेरीपटावर अंगठा. तो अंगठा ही त्या बाईची सही आहे, आणि सरकारी कागदावर तिनं स्वतः केलेली ती कदाचित एकुलती एक खूण असेल. जुने हजेरीपट कुणा मुकादमाच्या, ग्रामसेवकाच्या घरी असतील तर ते मिळवा. हातोडी, घमेलं, चुंबळ मांडा. आणि त्या कामावर गेलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना आत्ताच बोलतं केलं पाहिजे.

म्हसवडला बायकांच्या बँकेची कहाणी पण अशीच. माणदेशी महिला बँकेच्या परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी वर्ग लावले, पुन्हा गेल्या आणि सांगितलं की व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करून दाखवतो. १९९७ ला बँक उभी राहिली. हे सगळं लिहिता न येणाऱ्या बायकांनी केलं. तुमच्या दालनात वाचन-लेखन हाच उंबरठा झाला तर या बायका बाहेरच राहतील.

कृष्णाकाठची

माणदेशी दादा, हे मनावर घेतलं. हजेरीपटाचं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. 'स्त्री'च्या शेजारी हजेरीपट ठेवायचा का, असं आता वाटायला लागलंय. एकाच जिल्ह्यातल्या बायका, एकीच्या हातात छापील अंक, दुसरीचा अंगठा शाईत. कोण कुठं होती आणि का, हे बघणाऱ्याला समोरासमोर दिसेल.

निशिगंधा_व

मी शिकायला लंडनला होते, तिथलं स्त्रियांचं ग्रंथालय जवळून पाहिलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१९२६ मध्ये मताधिकाराच्या चळवळीतल्या बायकांच्या संघटनेनं ते सुरू केलं. व्हेरा डूई या पहिल्या ग्रंथपाल, आणि चाळीसेक वर्षं त्यांनी ते सांभाळलं. नंतर ते मताधिकार चळवळीच्या नेत्या मिलिसंट फॉसेट यांच्या नावानं ओळखलं जायचं. जागा कायमची अशी कधीच मिळाली नाही. बरीच वर्षं एका महाविद्यालयाच्या तळघरात गेली. २००२ ला पूर्व लंडनमध्ये नवी इमारत झाली ती जुन्या सार्वजनिक धुण्याच्या घराची दर्शनी भिंत राखून. ज्या जागी गरीब बायका कपडे धुवायला यायच्या तिथं बायकांचं ग्रंथालय. पण पैशांची अडचण आली आणि २०१३ मध्ये संग्रह लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे गेला. जगातल्या इतक्या जुन्या ग्रंथालयाची ही गत झाली. तेव्हा सांगलीच्या खोलीबद्दल एकच विनंती : वाचनालयाच्या कार्यकारिणीकडून दालनाचा ठराव लेखी करून घ्या आणि वस्तू देणाऱ्यांना दिलेल्या पावतीवर लिहा की दालन बंद झालं तर वस्तू कुठं जाईल.

आता प्रदर्शनाबद्दल. तिथल्या संग्रहात मताधिकारासाठी लढणाऱ्या एमिली डेव्हिसनचं रेल्वे तिकीट आहे. ४ जून १९१३ ला एप्समच्या घोड्यांच्या शर्यतीत ती राजाच्या घोड्यापुढं गेली, जखमी झाली आणि चार दिवसांनी गेली. तिच्याजवळ परतीचं तिकीट सापडलं. तेव्हापासून वाद चालू आहे : परत यायचं होतं तर मरायला गेली होती का? तिकीट एवढंसं, पण लोक त्यापुढं थांबतात आणि एकमेकांशी बोलायला लागतात. मोठ्या तसबिरीपुढं असं होत नाही. म्हणून ताईंचं म्हणणं मला पटतं. ज्या वस्तूवर लोकांचं मत पडेल ती वस्तू निवडावी.

आणखी एक. अमेरिकेत हार्वर्डच्या श्लेसिंजर ग्रंथालयाची सुरुवात १९४३ मध्ये मताधिकार चळवळीतल्या मॉड वुड पार्क यांनी दिलेल्या कागदपत्रांतून झाली. आज तिथं स्वयंपाकाच्या पुस्तकांचाही प्रचंड संग्रह आहे आणि त्यावर अभ्यास होतात. सांगलीकरांनी यावरून काय ओळखायचं ते ओळखावं.

सुलभाकाकू_विश्रामबाग

ओळखलं ना! कमलाबाई ओगले. आमच्या कुंडलच्या. शाळा जेमतेम चौथीपर्यंत झालेली बाई, आणि 'रुचिरा' १९७० ला आलं तेव्हापासून लग्न झालेल्या प्रत्येक मुलीच्या बॅगेत ते पुस्तक जायचं. वाटी आणि चमच्याच्या मापात लिहिलेलं, म्हणजे तराजू नसलेल्या घरातही चालेल असं. परदेशात एकट्या पडलेल्या मुलींना त्या पुस्तकानं आईसारखं सांभाळलं. ते छापलं किर्लोस्करांनीच, म्हणजे तुमच्या 'स्त्री'च्या प्रदर्शनाशी त्याचं नातं आहेच.

माझी सूचना : घरोघरच्या 'रुचिरा'च्या प्रती मागवा. नव्या कोऱ्या नकोत. तेल-हळदीचे डाग पडलेल्या, मार्जिनमध्ये 'गूळ कमी घ्यावा', 'हे यांना आवडत नाही', 'मंगळवारी केले, चांगले झाले' असं लिहिलेल्या. त्या मार्जिनमध्ये बाईचं सगळं घर दिसतं. माझ्याकडं सासूबाईंची प्रत आहे, द्यायला तयार आहे. देणं म्हणजे प्रदर्शनापुरतं हं, नंतर मला परत हवी.

कार्यक्रम म्हणाल तर संक्रांतीत हळदीकुंकू ठेवा. बायका नक्की येतील, आणि वाण म्हणून पुस्तक द्या.

जुनी_पानं

सुलभाकाकू, डागाळलेल्या प्रतींची कल्पना फार सुंदर. हळदीकुंकवाला मात्र माझा विरोध आहे आणि तो मी मोकळेपणानं मांडते. हळदीकुंकू म्हटलं की विधवा येत नाहीत, परित्यक्ता येताना दहादा विचार करते, मुस्लिम, ख्रिश्चन बायका आपल्याला बोलावलंय असं धरत नाहीत. 'सगळ्यांना कुंकू लावू, विधवांनाही' असं म्हणून काही ठिकाणी चांगले कार्यक्रम झाले आहेत, मला ठाऊक आहे. पण स्त्रियांच्या इतिहासाच्या दालनाचं दार ज्या रिवाजानं काही बायकांना बाहेर ठेवलं त्याच रिवाजानं उघडू नये.

आपल्याच जिल्ह्यात परित्यक्तांची चळवळ झाली. कासेगावच्या इंदुताई पाटणकर, ज्या तरुणपणी घर सोडून इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या कामात गेल्या, त्याच पुढं नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांसाठी उभ्या राहिल्या. बाईच्या नावावर वेगळं रेशनकार्ड असावं ही मागणी वरवर किती लहान वाटते. पण रेशनकार्डावर नाव नाही म्हणजे सरकारदरबारी तुझं घरच नाही. अशा बाईच्या नावाचं पहिलं रेशनकार्ड मिळालं तर ते काचेखाली ठेवण्याच्या योग्यतेचं आहे. आणि कासेगावातच गेल ऑम्व्हेट राहिल्या. अमेरिकेत जन्मलेल्या, सत्यशोधक चळवळीवर अभ्यास करायला आलेल्या आणि इथल्याच झालेल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथंच गेल्या.

सुलभाकाकू_विश्रामबाग

जुनी पानं, तुमचं खरं आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई दीर गेल्यापासून कुठल्याच हळदीकुंकवाला आल्या नाहीत, आणि आम्हीही आग्रह केला नाही. तिळगूळ ठेवू. तिळगुळाला कुणाची आडकाठी नाही.

कुंडलकर

काकूंनी कुंडलचं नाव काढलं म्हणून लिहितोय. प्रतिसरकार म्हटलं की क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ, ७ जून १९४३ ची शेणोलीची रेल्वेलूट एवढं लोकांना माहीत आहे. भाकऱ्या कुणी थापल्या? शेकडो गावांच्या मुलखात इतकी वर्षं भूमिगत माणसं जगली ती कुणाच्या चुलीवर? निरोप कुणी पोचवले, हत्यारं कुणाच्या पाटीत लपली?

नाना पाटलांच्या कन्या हौसाताई. २०२१ ला त्या ९५ व्या वर्षी गेल्या. भवानीनगरच्या पोलीस चौकीचा प्रसंग त्यांनी स्वतः सांगितलेला आहे. एका साथीदारानं नवरा व्हायचं, यांनी बायको, आणि चौकीसमोर मारहाणीचं सोंग. पोलीस सोडवायला बाहेर आले तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. सतरा-अठरा वर्षांची मुलगी. मार मात्र सोंगाचा नव्हता, तो खरोखर बसत होता, नाहीतर पोलीस फसले नसते.

हौसाताईंचं नाव राहिलं कारण त्या नानांच्या कन्या आणि उशिरा का होईना कुणीतरी त्यांना विचारायला गेलं. बाकीच्या बायकांचं काय? १९७२ ला स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झालं तेव्हा पुरावा मागितला गेला तुरुंगवासाचा, नाहीतर भूमिगत असल्याचा. भाकरी देणाऱ्या बाईकडं कसला कागद असणार? ती पकडली गेली नाही हेच तिचं यश, आणि त्यामुळंच ती यादीत नाही.

ताई, तुमच्या दालनात एक भिंत या बायकांची करा. गावाचं नाव, घराचं नाव आणि बाईचं नाव. फोटो नसला तरी चालेल. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून दोन-दोन साक्षीनं नावं मिळवायची. कुंडल, येडेमच्छिंद्र, कासेगाव, वाळवा हा भाग मी करायला तयार आहे.

कृष्णाकाठची

कुंडलकर काका, तुमचा प्रतिसाद रात्री आमच्या गटात वाचून दाखवला. ही भिंत करायचीच.

पण नावावरून एक अडचण सांगते, कारण कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात ती समोर आली. बाईचं नाव लिहायचं कुठलं? लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं. माहेरच्या गावात ती 'अमक्याची चंपा', सासरच्या गावात 'तमक्याची सून', पुढं 'बाळूची आई'. एकच बाई दोन गावांच्या आठवणीत दोन वेगळ्या बायका म्हणून राहते. जी शाळेच्या दाखल्यात आहे ती लग्नानंतरच्या सातबाऱ्यावर शोधून सापडत नाही, आणि सातबाऱ्यावर तर मुळात येतच नाही, नवरा गेल्यावर वारस म्हणून आली तर आली. म्हणून आम्ही नोंदवहीत प्रत्येक बाईसाठी माहेरचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं नाव, सासरचं गाव आणि हाक मारायचं नाव असे वेगळे रकाने केलेत. यातलं जे तिला पहिलं सांगावंसं वाटेल ते पहिल्या रकान्यात. हे रकाने भरताना बायका थांबतात. माहेरचं पूर्ण नाव कित्येकींनी वर्षानुवर्षं उच्चारलेलं नसतं.

कागदांची_काळजी

जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते, म्हणून कामापुरतं लिहिते, पण हे वगळू नका.

सांगलीत काहीही ठेवायचं तर पहिला विचार कृष्णेचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. शहरातल्या जुन्या ग्रंथसंग्रहाची हजारो पुस्तकं त्या पाण्यात गेली, आपण सगळ्यांनी ते लगदे रस्त्यावर पाहिले आहेत. खोली वरच्या मजल्यावर आहे हे उत्तम. तरी सगळ्यात खालचा फळा जमिनीपासून वीतभर वर ठेवा आणि पावसाळ्याआधी ठरवून ठेवा की पाणी वाढलं तर कुठल्या पेट्या आधी उचलायच्या, कोण उचलणार, कुठं नेणार. भिजलेलं पुस्तक दोन दिवसांत सुकवता आलं नाही तर बुरशी धरते. सुकवणं शक्य नसेल तर पिशवीत घालून गोठवायचं, नंतर सावकाश सोडवता येतं. मिरज-सांगलीत शीतगृहं आहेत, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

प्रदर्शनाबद्दल : 'स्त्री'चे १९३० चे अंक ज्या कागदावर आहेत तो आम्लधर्मी, पिवळा पडून कडांना मोडतो. मूळ अंक जास्तीत जास्त दोन-तीन महिने मांडा, उजेड ५० लक्सच्या आत, उन्हाची तिरीप अजिबात नको. मोठ्या करून लावायच्या त्या प्रतिकृती. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्या माणसालाही वाईट. सुती कापडात बांधणं ही आपली जुनी पद्धत चांगलीच आहे. स्कॅन किमान ४०० डीपीआयला करा, टिफमध्ये ठेवा, आणि तीन प्रती, त्यातली एक सांगलीच्या बाहेर. साताऱ्यात कुणी ठेवून घेईल का बघा.

'स्त्री'ची पानं पुन्हा छापायची असतील तर स्वामित्वहक्क बघा. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. अंक मांडायला अडचण नाही, पानं छापून वाटायला परवानगी लागेल.

अजिंक्यतारा

प्रती ठेवायला साताऱ्यात जागा आहे, त्याबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आमच्याकडचं नगरवाचनालय १८५२ चं, पुस्तकं जपायची सवय या गावाला आहे. भिलारला २०१७ पासून गावभर पुस्तकं ठेवलेली आहेत, तिथल्या एखाद्या घरात तुमचं फिरतं प्रदर्शन लावता येईल.

सातारकर म्हणून माझी एक तक्रार मात्र आहे. धाग्यात सावित्रीबाईंचं नाव अजून कुणी घेतलं नाही. ३ जानेवारी १८३१, नायगाव, तालुका खंडाळा. तसबिरी नकोत हे मान्य, पण त्यांची पत्रं लावा. १८५६ मध्ये आजारपणामुळं नायगावला आलेल्या असताना त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे. भाऊ त्यांच्या कामाला नावं ठेवतो आणि त्या त्याला काय उत्तर देतात हे त्यात आहे. माहेरी आलेली, आजारी बाई, सख्ख्या भावाशी वाद घालते आणि तो नवऱ्याला लिहून कळवते. साताऱ्या-सांगलीतल्या कुठल्याही बाईला ते घर ओळखीचं वाटेल. पत्र मोठ्या अक्षरात भिंतीवर, शेजारी कोरी पोस्टकार्डं आणि पेन. 'माहेरहून लिहिलेलं किंवा लिहायचं राहिलेलं पत्र' असं काहीतरी.

दुसरं, लक्ष्मीबाई भाऊराव पाटील. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत होती, आणि धान्य संपलं तेव्हा या बाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० ला त्या गेल्या. कर्मवीरांचे पुतळे आहेत. पण रयतच्या एवढ्या मोठ्या झाडाला पहिलं पाणी कुणी घातलं ते मुलांना सांगायला हवं.

माणदेशी

अजिंक्यतारा, पोस्टकार्डाशेजारी लिहून देणारा माणूसही बसवा. सांगणारीनं सांगायचं, त्यानं लिहायचं, शेवटी वाचून दाखवायचं. नाहीतर परत तेच, लिहिता येणारीच लिहील.

मिरजकर_ऐकणारा

मिरजेला विसरू नका. वेणाबाईंचा मठ आमच्याकडं आहे. समर्थांच्या शिष्या, बालविधवा, सतराव्या शतकात उभं राहून कीर्तन करणारी बाई, 'सीतास्वयंवर' लिहिणारी कवयित्री. समाधी सज्जनगडावर. आणि हिराबाई बडोदेकर, जन्म १९०५, मिरजेचाच. बाईनं तिकीट लावून रंगमंचावर बसून गायचं हे ज्यांनी रुजवलं त्यांच्यातल्या आघाडीच्या. वेणाबाई आणि हिराबाई यांच्यात अडीचशे वर्षं आहेत, पण चारचौघांसमोर बाईचा आवाज चालतो का, हा प्रश्न दोघींपुढं होता.

माझ्याकडं हिराबाईंच्या जुन्या तबकड्या आहेत आणि त्या वाजवायचं यंत्रही चालू आहे. एक संध्याकाळ ऐकण्याची करू. भाषण नको. एक तबकडी, मग ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकलं त्यांच्या आठवणी, मग दुसरी तबकडी.

जुनी_पानं

ऐकण्याचा विषय निघाला म्हणून. सांगलीत तारा भवाळकर आहेत. ओव्या, लोकगीतं, लोककथा यांतून बाई काय बोलते हे त्यांनी आयुष्यभर शोधलं आणि २०२५ च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. जात्यावरच्या ओव्यांचा हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेला संग्रह एक लाखाच्या पुढं गेलेला आहे. माणदेशींच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. अक्षर न गिरवलेल्या बायकांनी भाऊ, सासू, सवत, दुष्काळ, आंबेडकर सगळ्यावर बोलून ठेवलंय. दालनात जातं ठेवा, पण नुसतं शोभेला नको. महिन्यातून एक दिवस ते फिरलं पाहिजे, आणि फिरवणारीच्या तोंडून जे येईल ते टिपलं पाहिजे. जातं फिरल्याशिवाय ओवी आठवत नाही असं कितीतरी आज्या सांगतात.

आणि संमतीचं बघा. बाई रेकॉर्डिंगमध्ये सासरचं, नवऱ्याचं बोलून जाते, नंतर घाबरते. कागदावर सही घेऊन मोकळं व्हायचं नाही. रेकॉर्डिंग तिला ऐकवायचं, काय ठेवायचं, काय गाळायचं, काय तिच्या पश्चातच खुलं करायचं ते तिनं सांगायचं. सांगलीतच वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी १९९६ पासून 'आमच्याबद्दल आमच्याशिवाय बोलू नका' ही भूमिका धरून ठेवली आहे. त्यांना दालनात बोलवायचं असेल, आणि बोलवावंच, तर त्यांचं प्रदर्शन त्यांनीच मांडायचं. मजकूरही त्यांचाच.

सुलभाकाकू_विश्रामबाग

वेळेचं बोलू का? संध्याकाळी सहाचा कार्यक्रम म्हणजे पुरुषांचा कार्यक्रम. सहाला चूल असते, मुलं घरी आलेली असतात, आणि तासगाव-कवठेमहांकाळकडची बाई शेवटची गाडी बघते. दुपारी बारा ते चार ठेवा. एसटीला बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, गावाकडच्या बायका आता सांगलीला सहज येतात. दालन बसस्टँडपासून कसं यायचं ते पत्रकावर लिहा. आणि स्वच्छतागृह. ते नसेल तर बाई पाणी न पिता येते आणि तासाभरात निघते. मिरजकरांची तबकडीसुद्धा दुपारीच वाजवा.

मिरजकर_ऐकणारा

काकू, मान्य. दुपारचे रागही आहेत. भीमपलास लावू.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. गटाची काल बैठक झाली, ठरलं ते लिहिते.

पहिलं प्रदर्शन 'स्त्री'चं आणि हजेरीपटाचं, एकाच खोलीत समोरासमोर. मधल्या टेबलावर डागांसकट 'रुचिरा'च्या प्रती, त्या बघून झाल्या की पानं स्कॅन करून त्याच दिवशी परत. माणदेशी दादा, हजेरीपट मिळवायचं तुमच्याकडं. लिहून देणारी माणसं आम्ही महाविद्यालयातल्या मुला-मुलींतून घेतोय, वाचून दाखवल्याशिवाय कागद पेटीत जाणार नाही.

प्रतिसरकारमधल्या बायकांची भिंत पहिल्या दिवसापासून असेल, पण कोरी नसेल आणि पूर्णही नसेल. कुंडलकर काका जी नावं दोन साक्षींनी आणतील ती लागतील, खाली जागा सोडलेली असेल आणि पेन्सिल बांधलेली असेल. कुणी नवीन नाव लिहिलं की आम्ही त्या गावात जाऊन विचारू, मग ते शाईत येईल.

सावित्रीबाईंचं पत्र ३ जानेवारीला नाही, नंतरच्या रविवारी, म्हणजे नायगावला जाऊन आलेल्यांनाही येता येईल. हळदीकुंकू नाही, तिळगूळ आहे. सगळे कार्यक्रम दुपारी बारा ते चार. स्वच्छतागृहाची दुरुस्ती झाल्याशिवाय उद्घाटन नाही, हे कार्यकारिणीकडून लिहून घेतलंय, आणि निशिगंधा, दालनाचा ठरावही त्याच कागदावर आहे.

स्कॅनच्या प्रतीसाठी अजिंक्यतारा, व्यनिला उत्तर दिलंय.

एकच मागणं. 'स्त्री'चे १९३० ते १९४० मधले अंक आमच्याकडं फार तुटक आहेत. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत असतील तर सांगा, आम्ही घरी येऊन बघू.

पलूसची_लेक

मी इथं नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदा. माझे आजोबा किर्लोस्करवाडीला कारखान्यात होते. आजीकडं 'स्त्री'चे बांधीव खंड आहेत, दोन की तीन ते बघून सांगते. ती द्यायला तयार आहे, पण तिची अट आहे की ती स्वतः येणार आणि टेबलापाशी बसणार. ९१ वर्षांची आहे, जिना चढता येत नाही. काही सोय होईल का?

कृष्णाकाठची

होईल. आजींसाठी टेबल खालच्या वाचनकक्षात मांडू, अंकही तिथंच आणू. आजी मंगळवारी येऊ शकतील की शनिवारी?